अ‍ॅडलिनाचं थडगं

"...आणि याच पायरीवर, त्याची वाट बघत बघत, अ‍ॅडलिनानं प्राण सोडला," एवढं बोलून व्हर्नेल प्रुइटनं रुमाल डोळ्यांना लावला.

नेवाडातल्या ड्राय फोर्क गावचं ते हॉटेल म्हणजे मुळात घोड्या-खेचरांच्या टपालगाडीचा थांबा. व्हर्नेल ते नवऱ्यासोबत चालवायची आणि बसनं येणाऱ्या पाहुण्यांना रोज दुपारी ही कहाणी ऐकवायची. गाडीवानानं लग्नाचं वचन दिलं, तो परत आलाच नाही, आणि तेव्हापासून अ‍ॅडलिना सात नंबरच्या खोलीत रडते. तीस वर्षं सांगूनही व्हर्नेलला खरोखर रडू यायचं. हॉटेल चालत होतं तेही या रडण्यावरच.

"कुठल्या पायरीवर म्हणालात?" मागच्या टेबलावरून एका म्हातारीनं विचारलं. हेस्टर योकम तिचं नाव, ओरेगनहून आली होती. "छे हो! अ‍ॅडलिना माझी पणजी. नव्वदाव्या वर्षी गेली. तीही पोटभर जेवून."

"नावासारखं नाव असतं, आजी," व्हर्नेल गोड हसली.

हेस्टरनं पर्समधून फोटो काढला. भिंतीवर टांगलेल्या अ‍ॅडलिनाच्या तसबिरीतलाच चेहरा, फक्त दुप्पट रुंद, आणि भोवती नऊ पोरं.

"गाडीवान आला नाही, हे खरं. हिनं तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी इथल्या आचाऱ्याबरोबर पळाली. जाताना हॉटेलचे चांदीचे चमचेही नेले."

"म्हणजे भूत नाही?" सात नंबरात उतरलेले गृहस्थ ताडकन उठले. "मग मला खोली बदलून द्या! तिथली खिडकी उघडत नाही, नळ गळतो. भुताकडे बघून सोसत होतो मी!"

"पण मग मागच्या अंगणातल्या तिच्या थडग्यात पुरलंय कोण?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं, आणि सगळी पंगत जेवण टाकून अंगणात गेली.

थडग्यावर ताजी फुलं होती. दर रविवारी व्हर्नेल स्वतः वाहायची. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात तिचा नवरा ऑरिन खाकरला. हॉटेल त्याच्या आजोबांपासूनचं.

"खेचर आहे ते."

"काय?"

"गाडीचं खेचर. बार्नबी. फार गुणी होतं म्हणे. आजोबा सांगायचे."

"आणि तू तीस वर्षं गप्प बसलास?"

"तू रडत होतीस. मध्येच कसं बोलायचं?"

व्हर्नेल मटकन पायरीवर बसली. संपलं! उद्यापासून इथं कुत्रंही फिरकणार नाही.

पण बस सुटायची वेळ झाली तरी कुणी हलेना. सगळे हेस्टरला गराडा घालून बसले. आचारी दिसायला कसा होता? पळाली ती कुठल्या खिडकीतून? बार्नबीसोबत फोटो काढायला रांग लागली. बसमधलं एक जोडपं, दोघंही सत्तरीपुढची आणि मुलांना न सांगता लग्न करून आलेली, व्हर्नेलसमोर येऊन उभं राहिलं.

"ती पळालेल्यांची खोली आम्हाला मिळेल?"

"तिथली खिडकी उघडत नाही हो," व्हर्नेलनं खरं ते सांगून टाकलं.

"न का उघडेना," म्हातारा म्हणाला. "पळायचं होतं तेवढं आम्ही पळालो."

संध्याकाळी व्हर्नेल स्वयंपाकघरात गेली. ऑरिन पातेली घासत होता.

"खरं सांग, आणखी काय काय ठाऊक आहे तुला, जे मला सांगितलं नाहीस?"

ऑरिननं नळ बंद केला. हात पुसले. एक खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली.

"बस," तो म्हणाला.