हौसा थांबत नाही

माझं नाव अजिनाथ डोके, व्यवसाय खासगी गुप्तहेर. आडनाव हा योगायोग नव्हे, ती पात्रता आहे. अख्ख्या राहुरी तालुक्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. तालुक्यात दुसरा गुप्तहेरच नाही, असं काही नतद्रष्ट म्हणतात, पण पहिला नंबर तो पहिलाच. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि नाक, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, नको तिथे खुपसलेलं. सरपंचांच्या हरवलेल्या चपलांचं प्रकरण मीच सोडवलं. त्या माझ्याच पायांत सापडल्या हा तपशील आहे. शोध तो शोध.

लोकांची अडचण अशी की त्यांना प्रत्येक गोष्टीचं उत्तर साधं हवं असतं. असल्या लोकांत राहून बुद्धी शाबूत ठेवणं ही माझी खरी कामगिरी. तरीही लोक माझ्याकडे येतात, कारण मिस्त्री, देवऋषी आणि नातेवाईक हे तिन्ही मार्ग संपलेले असतात.

कारभारी असेच आले. ऊस, पेरू आणि वस्तीवर दुमजली बंगला असलेला हा बागायतदार माझ्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "गाडी पळती."

"गाडी पळण्यासाठीच असते, कारभारी."

"उभी असताना पळती."

मी डोळे मिटले. डोळे मिटले की गिऱ्हाइकाला वाटतं आपण विचार करतोय.

गाडीचं नाव हौसा. काळी, गोल दिव्यांची, साठ वर्षांपूर्वीची मोटार. कारभारींच्या वडिलांनी ती साखर कारखान्याच्या लिलावात घेतली होती. कारभारींना स्वतःला चालवता येत नाही. ट्रॅक्टरलासुद्धा गडी लागतो. हौसाला हात लावायची ती त्यांची एकुलती एक मुलगी राजनंदिनी. तिचं शुक्रवारी लग्न होतं, आणि वस्तीपासून गावातल्या मांडवापर्यंत हौसा आपण स्वतः चालवत नेणार असा तिचा हट्ट होता. हल्ली नवऱ्या मांडवात काय काय चालवत येतात, विचारू नका. गेल्या महिन्यात एक बुलडोझरवर आली होती.

पण पुढे बँजो पार्टी, तिच्यामागे मुंगीच्या पावलांनी गाडी, असा कार्यक्रम. आणि हौसाचा पायच आवरेना. पॅडलवरून पाय उचलला तरी इंजिन तारस्वरात बोंबलायचं आणि क्लच सोडताच ती झेप घ्यायची. सरावाच्या दिवशी तिने ढोलवाल्याला ढोलासकट कडब्याच्या गंजीत बसवलं होतं.

"शुक्रवारपर्यंत गप उभी ऱ्हायली तर बरं," कारभारी म्हणाले. "न्हाईतर भंगारवाल्याला सांगून ठिवलंय. टेम्पो घिऊन येतोय तो."

वस्तीवर गेलो तेव्हा राजनंदिनी हौसाच्या पुढच्या चाकाला टेकून बसली होती. कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेली मुलगी, पण डोळे रडून सुजलेले.

"डोकेकाका, हिला वाचवा," ती म्हणाली. "मी शाळेत असल्यापासून चालवतीय हिला. ही भंगारात गेली तर मी मांडवात चालत जाईन, पन सासरच्या त्या पांढऱ्या गाडीत बसनार न्हाई."

मला भावनांचं वावडं आहे. मी बॉनेट उघडायला सांगितलं.

तिथे राहुरीचा गोरक्ष मिस्त्री आधीच हजर होता. या इसमाने कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला होता. "माझ्या दारात मांजरीवानी गुरगुरती," तो डोकं खाजवत म्हणाला, "आन् वस्तीवर आली की वाघीन. मला तर काय कळंना झालंय."

"तुला कळलं असतं तर मला कशाला बोलावलं असतं?" मी म्हणालो आणि आत वाकलो.

अडाण्यांसाठी सांगतो. पॅडलपासून कार्बोरेटरपर्यंत एक सळई जाते. पाय दाबला की ती पुढे सरकते, उचलला की स्प्रिंग तिला मागे ओढते. मिस्त्री लोक तिला रेसची दांडी म्हणतात. त्या दांडीच्या सांध्यात मढीच्या देवस्थानातून आणलेला काळा दोरा बांधलेला होता, गाठी मारमारून करंगळीएवढा जाड झालेला. मी चपला काढून हात जोडले. देवाची गोष्ट पुराव्यात धरायची नसते, हे आमच्या धंद्याचं पहिलं कलम.

गोरक्ष अडाणी असला तरी श्रद्धाळू आहे. माझ्यासमोर त्याने काम केलं. आधी तो दोरा सोडून कपाळाला लावला आणि कापडावर ठेवला. मग कार्बोरेटर धुतला, गाडी चालू केली. हौसा मांजरीसारखी गुरगुरली. त्याने गाडी बंद केली, दोरा पुन्हा होता तिथे, होता तसा बांधला, नमस्कार केला आणि बॉनेट लावलं. पुढे राजनंदिनीने गाडी चालू करताच हौसा किंचाळली. अशा माणसाच्या हातात लोक लाखाच्या गाड्या देतात!

"रेस कधीपासून चढते?" मी विचारलं.

"बनुआत्या लग्नासाठी ऱ्हायला आली, त्याच्या आधी मी आन् हौसा पाटाच्या पान्यात पडता पडता वाचलो," राजनंदिनी म्हणाली. "त्याच्यानंतर."

"बस! गाडीने धसका घेतलाय."

"गाडीला धसका?" गोरक्ष म्हणाला.

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तर्कशास्त्र सगळ्यांच्या पचनी पडत नाही.

तरीही मी दुसरी दिशा सोडली नाही. टाकीतलं पेट्रोल बोटावर घेऊन चाखलं. चव पेट्रोलचीच होती. हीच तर गुन्हेगाराची हुशारी! त्यानंतर माझा संशय पुणतांब्याकडे वळला. नवरदेव समर्थ तिथला. हौसा बंद पडली तर नवरी कुणाच्या गाडीत बसणार? त्यांच्या. मी फोन लावला आणि सरळ विचारलं, "तुमच्या वाग्दत्त वधूच्या कार्बोरेटरशी तुमचे काय संबंध आहेत?"

मग फोनवर त्याचे वडील आले. ते जे बोलले ते कौटुंबिक कथेत छापता येणार नाही. कारभारींना पेढे घेऊन पुणतांब्याला जावं लागलं, तेव्हा कुठे लग्न शाबूत राहिलं. परत आल्यावर ते माझ्याशी बोलले नाहीत. उपकाराची जाणीव ही या भागात दुर्मीळ चीज आहे.

मग मी देवाला शरण गेलो. तपासाला यश यावं म्हणून स्वतः मढीला जाऊन एक दोरा आणला आणि पहिल्या दोऱ्यावर घट्ट बांधला. हौसा चालू होताच असा टाहो फुटला की म्हैस दावं तोडून उसात शिरली. मी ताडलं, गुन्हेगार बिथरला होता.

शुक्रवारी सकाळी मी सगळ्यांना अंगणात जमवलं. भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात उभा होता. राजनंदिनी हळदीच्या अंगाने स्टिअरिंगवर बसली होती. बॉनेट उघडं, इंजिन चालू, हौसा बोंबलत होती. मला ओरडून बोलावं लागत होतं.

"गुन्हेगार याच अंगणात आहे!"

तेवढ्यात कारभारींच्या थोरल्या बहीण बनुबाई हातात तांब्या घेऊन गर्दीतून आल्या. "सरका जरा."

"आत्याबाई, तपास चालू आहे."

"चालू ऱ्हाऊ द्या की. माझा दोरा सोडायचा हाय. पोरगी पाटातून वाचली तवा म्याच बांधला हुता. सव्वा म्हैना झाला आज. पान्यात सोडला पायजे."

"या गुन्हेगाराने," मी आवाज चढवला, "अत्यंत थंड डोक्याने..."

"आन् ह्यो दुसरा कुन्या येड्यानं बांधला?" बनुबाई आत वाकून म्हणाल्या.

मी नजर उसाकडे वळवली. तपासातली गुप्तता पाळावी लागते. त्यांनी दाताने गाठ सैल केली, दोन्ही दोरे ओढून काढले आणि दांडी खटकन मागे गेली.

"...तो गुन्हेगार म्हणजे गोरक्ष!" मी किंचाळलो.

किंचाळायची गरज नव्हती. अंगण शांत झालं होतं. हौसा संथपणे पुटपुटत उभी होती.

गोरक्षने कपाळावर हात मारून घेतला. "आत्या, मी तीनदा सोडला आन् तीनदा बांधला ओ!"

"मंग डोळं कुटं ठिवलं हुतं?"

"देवाचा दोरा. त्याच्यावर कोन संशय घेनार?"

"दोरा देवाचा हाय, डोसकं तर तुमचं हाय ना?" बनुबाई म्हणाल्या. "जितं हलतंय तितं तिचा जीव, म्हनून म्या तितं बांधला. तिला चालवायचं काम तुमचं हुतं."

माझ्या दराऱ्याने आरोपी नरमला आणि दोष सुटला, हे मी जमावाला समजावून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. राजनंदिनी मात्र हसून म्हणाली, "एवढी खात्री हाय ना काका? मग आज हौसापुढं तुम्हीच चाला."

बँजो पार्टी माझ्याही पुढे चालली. ढोलवाला तर बराच पुढे. मागे नऊवारीतली राजनंदिनी, स्टिअरिंगवर. मी दर पावलाला मागे वळून पाहत होतो, ते जमावाच्या सुरक्षेसाठी. हौसाने मला एकदाही शिवलं नाही. मांडवाच्या दारात ती थांबली आणि तशीच चालू राहिली, शांत.

मागून भंगारवाल्याचा टेम्पोही येऊन उभा राहिला. राजनंदिनीने काच खाली करून मांडवाच्या दारात उभ्या वडिलांना हाक मारली. "दादा, गप उभी हाय बघा. टेम्पो परत लावून द्या."

कारभारींनी हौसाच्या बॉनेटवर हात ठेवला.

"दादा?"

"थांबू दे टेम्पो," ते म्हणाले. मग फेटा सावरत, कुणाकडेच न बघता, "रेसचं काय न्हाई गं पोरी. रेस तर आत्ता आत्ता चढाय लागली. भंगारवाल्याला म्या तुझी सुपारी फुटली त्याच दिवशी सांगितलं हुतं. तू उद्या जाशील. मला काय चालवता येत न्हाई. रोज सकाळी दारात ही अशी उभी दिसंल, आन् तू न्हाई. म्हनून."

हा हेतू माझ्या डोक्यात आला नव्हता. इतका साधा हेतू माझ्या दर्जाच्या माणसाला सुचत नाही.

राजनंदिनी शेजारच्या जागेवर सरकली आणि स्टिअरिंगच्या बाजूचं दार ढकललं. "बसा."

"आगं, मुहूर्त..."

"मुहूर्त थांबंल!" बनुबाई मागून ओरडल्या. "बस रं कारभारी!"

कारभारी बसले. फेटा छताला लागला.

"डावा पाय पूर्न दाबा. आता उजवा नुसता टेकवा. डावा सोडा, हळू. हळू, दादा!"

गाडीसमोर कोण उभं आहे हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. निष्कर्ष मी विजेच्या वेगाने काढला आणि मांडवाच्या खांबाला मिठी मारली. हौसा गचका देऊन दोन हात पुढे आली आणि थांबली. आत लेक टाळ्या पिटत होती. कारभारींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात भोंग्यावरून निघत नव्हता.

"आजून एकदा," ते म्हणाले.

मी खांब सोडला नाही.