चालू डब्याची पूजा

दसऱ्याच्या दुपारी श्रीखंडपुरी चेपून श्रीरंग पाटणकर गुपचूप क्रिकेटचा एक सामना खेळायला टीव्हीसमोर बसले आणि पडद्यावरचं इंग्रजी वाचून त्यांची सुस्ती खाडकन उतरली. मजकूर तसा सभ्य होता. पण अर्थ एवढाच की, या डब्यात फेरफार झालेला आहे, सबब हा डबा यापुढे ऑनलाइन खेळू शकणार नाही. कधीच नाही.

डबा म्हणजे गेमचा डबा. लेकीने, क्षितिजाने, मेलबर्नहून माणिकपूरच्या फ्लॅटवर पाठवलेला. त्याच्यावर दर रविवारी सकाळी श्रीरंगरावांच्या सौभाग्यवती जयवंतीबाई लेकीशी ऑनलाइन पत्ते खेळायच्या. आता यात पत्त्यांना कोण विचारतंय! खरी गोष्ट अशी की जयवंतीबाईंना फोनवर बोलताच येत नसे. "जेवलीस का? बरी आहेस ना? ठेवते हं, बिल चढतंय," एवढं बोलून त्या रिसीव्हर ठेवायच्या आणि मग दिवसभर खिडकीशी डोळे पुसत बसायच्या. पण कानाला तो माईक लावला आणि पडद्यावर पाने आली, की बाईंची जीभ अशी सुटायची की भेंडीच्या भाजीपासून पोरीच्या सासूपर्यंत एक विषय शिल्लक राहायचा नाही. आठवडाभर त्या या एका बैठकीवर जगत. आणि श्रीरंगरावांनी नेमकी तीच क्रिकेटपायी घालवली होती.

ते तडक बाजारात आग्नेलच्या दुकानात गेले. गणपतीत त्यांनी आग्नेलकडूनच डबा 'ओपन' करून घेतला होता, म्हणजे कॉपी केलेल्या डिस्का चालाव्यात अशी आत व्यवस्था करून.

"काका, मी काय बोललो होतो?" आग्नेलने कपाळाला हात लावला. "कॉपीवाली डिस्क आत, तर नेटची वायर बाहेर!"

"अरे, काढतो ना मी वायर! देवाशपथ काढतो. कालही काढली होती. डिस्क तेवढी आत राहिली."

"मग वायर परत लावली कोनी?"

हे कोडं घरी आल्याबरोबर सुटलं. श्रीरंगरावांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि जयवंतीबाई म्हणाल्या, "ती लोंबणारी होय? मीच लावली. अर्धवट वस्तू पूजेला ठेवतात का कुठे? आणि डबा चालूही केला. बंद यंत्राला कोणी हळदकुंकू वाहतं का? आमच्या बाबांच्या गिरणीत पट्टा फिरता असायचा, तेव्हा नारळ फुटायचा. का हो?"

श्रीरंगरावांनी डब्याकडे पाहिलं. डब्यावर ठसठशीत हळदकुंकू, वर झेंडूचं फूल, शेजारी आपट्याची पानं. बाईंनी वायर जोडून, बटण दाबून, चोरीची डिस्क पोटात असलेला डबा साग्रसंगीत ओवाळून थेट कंपनीच्या हवाली केला होता. पण ओरडायची सोय नव्हती. ओरडायचं तर डिस्कचं सांगावं लागणार.

"अहो, दोन अक्षता फटीतून आत गेल्या हो," जयवंतीबाईंचा चेहरा एवढासा झाला. "बिघडला तर नाही ना?"

"छे, छे! काय बोलतेस! ठणठणीत आहे." झालं, आता परतीची वाटच बंद.

"रिपेरिंगचं हे काम नाय," आग्नेलने फोनवर सांगितलं. "बंदी डब्यावर आहे, काकूंच्या खात्यावर नाय. दुसरा डबा आना, खातं मी मेमरी कार्डावर घालून देतो."

दुसरा डबा खालच्याच मजल्यावर होता. शेजारी सेबेस्टियनच्या मुलाने, ब्रायनने, कुवेतहून हुबेहूब तसाच पाठवला होता. पण सेबेस्टियन आणि त्याची बायको मॅग्डलीन त्यावर फक्त एकच डिस्क बघायची, त्यांच्या लेकीच्या, क्रिस्टिनाच्या लग्नाची. रोज संध्याकाळी, न चुकता.

"आमाला नेट कशाला?" सेबेस्टियन म्हणाला. "चर्चमधून हॉल आनि हॉलमधून घर, तेवढंच बघतो आमी. तुजा डबा लग्न दाखवतो ना? मग ने माजा. पन मॅग्डलीनला कळलं तर ती आपल्या दोगांना खाडीत बुडवेल, सांगून ठेवतो."

बायका बाजाराला गेल्याचं बघून दोघांनी डबे बदलले, आणि तिथे खरी पंचाईत झाली. सेबेस्टियनच्या डब्यावर वेलंकनी मातेचं स्टिकर होतं. ते निघेना. श्रीरंगरावांच्या डब्यावरचं कुंकू गेलं, पण हळद काही जाईना. रॉकेल झालं, लिंबू झालं, सेबेस्टियनने दाढीचा साबणही लावून पाहिला. शेवटी "असू दे, बायका कुठे एवढं बघतात," असं म्हणून दोघांनी आपापली समजूत घातली. इतकी वर्षं संसार करून माणसं असं बोलू शकतात, कमाल आहे!

"अगं बाई, ही माउली कुठून आली?" जयवंतीबाईंनी आल्या आल्याच विचारलं.

"सेबेस्टियनने लावली. म्हणजे... डबा सुखरूप राहावा म्हणून."

"किती माया हो शेजाऱ्यांची!" म्हणत त्यांनी मातेलाही एक बोट कुंकू लावलं.

खाली मात्र मॅग्डलीनचा आवाज जिन्यापर्यंत आला, "या डब्याला कावीळ झाली काय रे?" त्यावर सेबेस्टियनने काय सांगितलं ते कळलं नाही. पण लग्न नेहमीप्रमाणे लागलं, बँडही वाजला.

रविवारी सकाळी जयवंतीबाई केसांत गजरा माळून, कानाला माईक लावून बसल्या. खातं उघडलं, पत्त्यांचा खेळ उघडला. श्रीरंगरावांनी मनातल्या मनात आग्नेलचे पाय धरले. पण क्षितिजा येईना. चहा निवला, तरी येईना. जयवंतीबाई नुसता माईक नीट करत राहिल्या. ते बघवेना, म्हणून श्रीरंगरावांनी मोबाईल घेऊन गॅलरी गाठली.

"बाबा, आईला सांगू नका हं," पलीकडून क्षितिजा रडवेली होऊन म्हणाली. "आमचा डबा बॅन झालाय. तुमच्या जावयाने, विघ्नेशने, क्रिकेटसाठी तो ओपन करून आणला होता."

"काय?" श्रीरंगराव कडाडले. "चोरीच्या डिस्का? शिकलासवरलेला माणूस! लाज नाही वाटत? एका क्रिकेटपायी आईलेकीची ताटातूट करतो? माझ्यासमोर असता तर..."

"तर काय केलं असतंत?"

मागे जयवंतीबाई उभ्या होत्या. श्रीरंगरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं: डिस्क, आग्नेल, सेबेस्टियन, स्टिकर, हळद.

"म्हणजे माझ्या अक्षतांनी नाही ना बिघडला?"

"नाही गं."

"आणि मी मेली दसऱ्यापासून घास गिळत नव्हते, लेकीचा डबा पूजेत घालवला म्हणून! एक चकार शब्द नाही बोललात!" त्यांनी मोबाईल हिसकावून घेतला. "हॅलो! जेवलीस का गं? बरी आहेस ना? बरं मग... ठेवते हं..." अंगठा लाल बटणाकडे गेला.

"ठेवू नकोस!" श्रीरंगराव ओरडले. धावत जाऊन त्यांनी खणातला खरा पत्त्यांचा जोड आणला. "पीस. बदामसात. पोरीची पानं मी धरतो."

स्पीकर लावून मोबाईल टीपॉयवर ठेवला. क्षितिजाची पाळी आली की श्रीरंगरावांनी तो उचलून गॅलरीत पळायचं, तिची पानं कुजबुजत सांगायची, आणि येऊन ती सांगेल ते पान टाकायचं. हातात पत्ते आले मात्र, जयवंतीबाई सुटल्या. भेंडी झाली, वरच्या मजल्याची गळती झाली, दसऱ्याला न आलेली नणंद झाली. क्षितिजा खिदळत होती. श्रीरंगरावांना धाप लागली होती, पण ते पळत होते.

डाव अगदी रंगात आला तसे ते पुन्हा गॅलरीत गेले.

"बाबा, इस्पिक सत्ती आपल्याकडे आहे ना? टाका की, सुटू आपण."

"आहे गं," श्रीरंगराव हळूच म्हणाले. "पण सुटलो तर डाव संपेल. आणि डाव संपला की तुझी आई फोन ठेवेल."

मग ते आत आले, मोबाईल टीपॉयवर ठेवला, आणि त्यातून क्षितिजा मोठ्याने म्हणाली, "आई, पास!"

"पास काय, पास? बापाने शिकवलं असणार पानं दाबायला," जयवंतीबाई म्हणाल्या. "बरं ते राहू दे. तुझी सासू काय म्हणत होती, ते सांग आधी."