वाळक्या पानाच्या रंगाची जाकिटं

एका जंगलात, मुलांनो, रस्ता आला.

आला म्हणजे कसा आला, ते विचारू नका. सकाळी जंगल उठलं तर रस्ता होता. काळा, गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणालाही न विचारता पडलेला. त्यावरून ट्रक जायचे. ट्रकला पुढे दोन डोळे असतात आणि ते पेटलेले असतात. तुम्ही घाबरू नका. मी घाबरते आहे तेवढं पुरे.

रस्त्याच्या अलीकडे सगळ्यांची घरं होती. पलीकडे उंबराखाली शाळा होती. शाळेचे गुरुजी घुबड होते, त्यामुळे शाळा दिवेलागणीला भरायची. म्हणजे नेमकी अशा वेळी, की धड उजेड नाही आणि धड अंधारही नाही.

या जंगलात यमुताई भेकर राहायच्या. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. ते घाबरलं की भुंकतं. यमुताई वाळकं पान पडलं तरी भुंकायच्या. पान पडून गेल्यावर, ते पानच होतं ना, या शंकेनं पुन्हा एकदा भुंकायच्या. त्यामुळे त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नसे.

त्यांना एक पाडस होतं, चिंगू. तो यंदाच शाळेत जायला लागला होता. अंगानं तांबूस, संध्याकाळी दोन पावलांवरून दिसायचा नाही. आणि त्याला एक वाईट खोड होती. दिवसभर तापलेलं डांबर संध्याकाळी छान कोमट असायचं, म्हणून तो रस्त्याच्या मधोमध पाय दुमडून बसायचा.

एकदा एक ट्रक त्याच्या शेपटीला वारा घालून गेला.

"आई, गार वाटलं," चिंगू म्हणाला.

यमुताई त्या दिवशी इतक्या घाबरल्या, की भुंकायचंच विसरल्या.

दुसऱ्या दिवशी त्या थेट दादासाहेबांकडे गेल्या. दादासाहेब म्हणजे गवा. जंगलातल्या झाडून सगळ्या समित्यांचे अध्यक्ष. त्यांच्याएवढं बसायला कोणालाच जमायचं नाही.

"दादासाहेब, पोरांना चमकणारी जाकिटं शिवू या. लांबून दिसतील अशी. ट्रकवाल्याला दिसलं तर तो थांबेल तरी."

"उत्तम कल्पना," दादासाहेब म्हणाले. "समिती नेमू."

शिंपी पक्ष्याला बोलावलं. शिंपी म्हणजे पानं शिवून घरटं करणारा इवलासा पक्षी. त्याच्याकडे ट्रकमधून पडलेलं एका चकचकीत पट्टीचं भेंडोळं होतं. त्यावर उजेड पडला की ती विजेसारखी पेटायची.

"पट्टी झकास आहे," शिंपी म्हणाला. "आता कापड कुठल्या रंगाचं, तेवढं सांगा. संध्याकाळपर्यंत शिवून देतो."

तेवढंच सांगायचं होतं, मुलांनो.

"केशरी," यमुताई म्हणाल्या. "केशरी लांबून दिसतो."

केशरी वाघाचा. वाघाची परवानगी लागणार. परवानगी आणायला कोण जाणार, यावर सगळे आपापल्या खुरांकडे बघू लागले.

"मग हिरवा घ्या की," पोपटांचे पुढारी राघोभाऊ म्हणाले. "आमची काही हरकत नाही. फक्त शाळेत जाताना पोरांनी आमच्या थव्याच्या घोषणा द्यायच्या."

"का म्हणून? निळा घ्या," केकाराव मोर म्हणाले. "निळ्यात एक घरंदाजपणा आहे."

"आणि तुमची पिसं आहेत, ते सांगा ना!"

"राघोभाऊ, पिसांवर जाऊ नका!"

"गुलाबी?" यमुताईंनी भीत भीत विचारलं.

"अय्या, माझा मुलगा आहे," रानडुकरीण म्हणाली. तो मुलगा त्या वेळी चिखलात तोंड खुपसून होता.

"पिवळा?"

"हळद लागल्यासारखी दिसतील पोरं."

"पांढरा?"

"धुणार कोण?" सगळ्या आया एकदम म्हणाल्या. सभेतलं एकमत एवढंच.

शेवटी दादासाहेबांनी डोळे मिटले, रवंथ केलं आणि तोडगा काढला.

"वाळक्या पानाचा रंग घेऊ. तो ना ह्यांचा, ना त्यांचा. कोणाच्या डोळ्यांत खुपणार नाही."

टाळ्या झाल्या. केकारावांनी टाळी दिली, राघोभाऊंनी ती घेतली.

"अहो, पण दादासाहेब," यमुताई म्हणाल्या, "डोळ्यांत खुपावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप ना?"

"यमुताई, तुम्ही पानालाही भुंकता. तुम्हाला आता पानाचाच रंग दिला, तर तोही नको?"

सभा हसली. यमुताई बसल्या. बसताना खाली पान चुरचुरलं आणि त्या भुंकल्या. सभा आणखी हसली.

"निदान पट्टी तरी मोठी लावा," त्या शिंप्याला म्हणाल्या.

इथे केकारावांनी घसा साफ केला. "पट्टीबद्दल मला थोडं बोलायचं आहे. पोरं एवढी चमकायला लागली, तर जंगलातल्या शोभिवंत मंडळींकडे बघणार कोण? वळण म्हणून काही आहे की नाही? लहानांनी लहानांसारखं राहावं."

"मग एवढी पट्टी वाया घालवायची?" शिंप्यानं विचारलं.

"वाया कशाला?" राघोभाऊ म्हणाले. त्यांना नेहमी वेळेवर सुचायचं. "वाटपाच्या दिवशी दादासाहेबांचा सत्कार करू. त्यांच्या शालीला लावा."

दादासाहेब "अहो, कशाला, कशाला" म्हणाले आणि शिंप्यानं माप घ्यावं म्हणून आडवे वळून उभे राहिले.

वाटपाचा दिवस ठरला. जागाही ठरली. सबंध जंगलात दादासाहेबांचं आसन डुगडुगणार नाही अशी सपाट जागा एकच होती. रस्ता.

"रस्त्यात?" यमुताईंनी भुंकून विचारलं.

"सुरक्षेचा कार्यक्रम आहे, ताई," राघोभाऊ म्हणाले. "रस्त्यात नाही करायचा, तर कुठे, तळ्यात?"

संध्याकाळी पोरांना जाकिटं घालून रस्त्याच्या मधोमध, दादासाहेबांच्या आसनामागे ओळीनं उभं केलं. जाकिटं सुरेख बसली होती. यमुताईंनी चिंगूला जाकीट घातलं, आणि मग त्यांना चिंगू दिसेना. त्या "चिंगू, चिंगू" करत ओळीतून फिरल्या आणि दोन पोरांना धडकल्या.

दादासाहेबांना शाल पांघरली. पट्टी भरपूर होती, म्हणून शिंप्यानं काठाला लावली, पाठीवर लावली, उरली ती शिंगांना गुंडाळली. भाषण सुरू झालं.

"बालमित्रांनो! आज तुम्ही सुरक्षित झाला आहात..."

वळणावर दोन डोळे पेटले.

"भॉक्!" यमुताई ओरडल्या. "भॉक्! भॉक्!"

"झालं! ह्या लागल्या," रानडुकरीण म्हणाली.

"ताई, भाषण तर संपू द्या," केकाराव म्हणाले.

मुलांनो, मी इथे डोळे मिटले असते. पण मिटून लिहिता येत नाही. ट्रकचा उजेड रस्त्यावर लोळत आला. वळताना तो आधी मागच्या पोरांवर पडला, आणि पोरं नव्हतीच. होता तो सगळा पाचोळा. चिंगू तर दादासाहेबांच्या मागच्या पायांशी कोमट डांबरावर पाय दुमडून बसला होता. मग उजेड दादासाहेबांवर पडला.

दादासाहेब पेटले! शिंगं पेटली, पाठ पेटली, काठ पेटले. रस्त्याच्या मध्ये जणू आणखी एक चंद्र उगवला आणि तो भाषण करत होता.

ट्रक किंचाळला, घसरला आणि दादासाहेबांच्या नाकाला धूळ लावून थांबला.

"आई गं!" आतून माणूस म्हणाला. "कसली मिरवणूक आहे ही?" त्यानं दिवे मंद केले आणि वाट बघत बसला. मिरवणुकीला हॉर्न द्यायची त्याची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात पोरं दादासाहेबांच्या मागून शाळेत गेलीसुद्धा. यमुताईंनी चिंगूला नाकानं ढकलत पलीकडे नेलं आणि उंबराखाली पोचल्यावर त्याला इतकं चाटलं, की त्याचं जाकीट भिजलं.

"पाहिलंत?" दादासाहेब म्हणाले. "माझं भाषण ऐकायला थांबला."

त्या रात्री यमुताईंना झोप आली नाही. ती तशी कधीच यायची नाही. पण या वेळी त्या विचार करत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या दादासाहेबांकडे गेल्या.

"आपला सत्कार करायचा आहे."

"पुन्हा? अहो, कशाबद्दल?"

"काल आपण सत्कार फार छान स्वीकारलात. त्याबद्दल."

दादासाहेबांनी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. "जनतेची इच्छा असेल तर माझा नाइलाज आहे. कधी आणि कुठे?"

"शाळा भरायच्या वेळी. रस्त्यावर. आणि शाळा सुटायच्या वेळी आभारप्रदर्शन."

तेव्हापासून रोज सत्कार होऊ लागला. दादासाहेब शाल पांघरून रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे, ट्रक थांबायचे आणि वाळक्या पानांची एक ओळ त्यांच्या मागून सळसळत पलीकडे जायची. कारणं रोज नवी शोधावी लागत. एकदा दादासाहेबांना शिंक आली नाही म्हणून सत्कार झाला.

केकारावांचा जळफळाट झाला. "आमच्यात काय कमी आहे?" ते यमुताईंना म्हणाले. यमुताईंनी दादासाहेबांच्या शिंगांवरच्या पट्टीतला एक तुकडा लावून त्यांनाही शाल दिली आणि ओढ्याकडच्या वळणावर उभं केलं. तिकडून सशांची पोरं शाळेत यायची. मग राघोभाऊही तशीच शाल मागून घेऊन, उडू शकत असूनही, पुलाजवळ चालत रस्ता ओलांडू लागले.

पण यमुताईंना भीती होतीच. एक दिवस दादासाहेबांच्या लक्षात आलं तर? ते घरी बसले तर?

आणि एका संध्याकाळी, शिंगांना पट्टी गुंडाळून घेता घेता, दादासाहेब खरंच म्हणाले, "यमुताई, मला एक शंका आहे."

यमुताईंच्या घशाशी भुंकणं आलं. त्यांनी ते गिळलं.

"माझे सगळे सत्कार रस्त्यातच का करता?"

चिंगू शेजारीच उभा होता. दप्तर तोंडात, एक पाय डांबरावर.

यमुताई आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेल्या असताना न भुंकता आणि न अडखळता बोलल्या. "आपण सगळ्यांना लांबून दिसावं म्हणून."

दादासाहेबांनी मान डोलावली. "ते बाकी खरं आहे," ते म्हणाले आणि रस्त्यावर उतरले.

तात्पर्य: मुलांसाठी चमकणारं जाकीट निवडताना रंगावरून वाद घालू नये. ते अध्यक्षांच्या मापाचं शिवावं, अध्यक्षांनाच घालावं, आणि मुलांना हळूच त्यांच्या मागून न्यावं.