ओलाव्याचे दोन किलो

देवळीतल्या एका शाळेत योगेंद्र सर खेळाचे शिक्षक. मुलांचा लठ्ठपणा कमी करा, असा सरकारी आदेश आला तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी माना खाली घातल्या आणि सरांनी छाती पुढे काढली. "तीन महिने द्या मॅडम. एकेक पोट्टं काडीसारखं करतो." मुख्याध्यापिका सरोजिनी मॅडमनी ती जबाबदारी तिथल्या तिथे त्यांच्या गळ्यात घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण सरांना ते कळायला ऑक्टोबर उजाडला.

जुलैत वजनं घ्यायची, तर शाळेचा काटा बिघडलेला. समोरच्या कापूस व्यापाऱ्याचा काटा हंगाम नसल्यानं रिकामाच होता. तिथले मापारी रूपराव आकडे पुकारत गेले, सर लिहीत गेले, आणि त्याच दिवशी सगळं ऑनलाइन भरून टाकलं.

मग मैदानाला फेऱ्या सुरू झाल्या. सहावीतल्या वेदश्रीनं तर संध्याकाळचा आलुबोंडा सोडला. देवळीत याला संन्यास म्हणतात.

ऑक्टोबरात सरकारी काटा आला. जुलैत पन्नास किलोची वेदश्री आता एकावन्न भरली! बाकीचेही किलो-दीड किलोनं वाढलेले. ती काट्यावरून उतरेचना.

"सर, मंग मी आलुबोंडा काऊन सोडला?" तिचे डोळे भरून आले. शिक्षण खात्याचे साहेब ओरडले असते तर सरांनी ऐकून घेतलं असतं, पण हे त्यांना बघवेना. ते तडक रूपरावांकडे गेले.

"रूपरावजी, तुमचा काटा खोटा हाय का?"

"काटा एकदम बराबर हाय सर. मी फक्त दोन-दोन किलो कापले."

"काऊन?"

"पोट्टे पयतच आलते ना, घामानं वले. वल्या मालाले कट लागतेच. हात बसला हाय, काय करता."

म्हणजे जुलैत वेदश्री खरी बावन्न किलोची होती. पोरगी एक किलो उतरली होती! सरांनी धावत जाऊन तिला ते सांगितलं.

"पण कागदावर तर मी वाढलीच ना?" ती म्हणाली.

"कागद मी दुरुस्त करतो," सरांनी शब्द दिला. ऑनलाइन आकडा काही बदलेना, म्हणून त्यांनी खात्याकडे अर्ज केला: ओलाव्यापोटी प्रत्येकी दोन किलो वजावट झाली आहे, तरी दुरुस्ती व्हावी.

आठवड्यानं उत्तर आलं. सरांनी ते मैदानावरच उघडलं. वेदश्री फेरी अर्धी टाकून आली.

"काय म्हणून राह्यले सर?"

"विद्यार्थ्यांचा ओलावा कोणत्या यंत्रानं मोजला, त्याचा दाखला जोडा म्हणते."

वेदश्रीनं सरांकडे नीट पाहिलं. कागद वाचता वाचता त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"तुमचाच मोजून धाडा ना सर," ती म्हणाली. "आमच्याहून जास्त हाय."