दत्ताभाऊचं पुढचं टेबल

दत्ताभाऊ रबराच्या पुतळ्यालासुद्धा "हात गार लागंल हां जरा," असं सांगूनच हात लावतो. आमच्या मेडिकल कॉलेजात सरावासाठी असे पुतळे ठेवलेत. बाकीचे आम्ही त्यांना ठोकून, दाबून मोकळे होतो. दत्ताभाऊ आधी तळहात चोळून गरम करतो, पुतळ्याच्या अंगावरची चादर नीट ओढतो आणि विचारतो, "दुखतंय कुठं?" पुतळा काय बोलणार! पण दत्ताभाऊ उत्तरासाठी थांबतो, याचाच मला संताप येतो.

कारण आमच्या शेवटच्या परीक्षेत थांबायला वेळच नसतो. हॉलमध्ये ओळीनं टेबलं, प्रत्येक टेबलावर एक पेशंट आणि शेजारी एक परीक्षक. ठरलेल्या मिनिटांत तपासायचं आणि घंटा वाजली की हातातलं टाकून पुढच्या टेबलावर पळायचं; पोचायला उशीर झाला की तिथं शून्य. यातच दत्ताभाऊ दोनदा नापास झाला. त्याच्याबरोबरचे सगळे डॉक्टर होऊन गेले आणि तो आमच्यासारख्या लहानांबरोबर डबा खातो.

त्याचं घर चिखलीतलं, जुनं शेतकऱ्याचं. जमीन गेली, बिल्डिंग आली, आणि तिच्या तळमजल्यावर वडिलांनी पोराचा दवाखाना थाटूनसुद्धा ठेवलाय. पाटीवर नाव रंगवून वर गोणपाट बांधलंय. फीत कुणी कापायची, हेही ठरलंय. या खेपेला मात्र त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "आता पास न्हाई झालास, तर गाळा मोबाइलवाल्याला देतो. दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई." दत्ताभाऊ नुसतं "व्हय" म्हणाला.

म्हणून मी त्याची तयारी करून घ्यायला लागले. माझ्याहून मोठा, तरी मला ताई म्हणतो. "आवरतो ताई, आवरतो," म्हणत पेशंटला जेवण झालं का ते विचारत बसतो. सरावाला खरी माणसं हवीत म्हणून आम्ही त्याच्या चुलतभावाच्या वर्कशॉपमध्ये गेलो. जेवणाच्या सुट्टीत कामगार हौसेनं रांगेत उभे राहिले. पहिल्याचं पोट तपासता तपासता दत्ताभाऊनं त्याच्या सासऱ्याच्या गुडघ्यांचीही चौकशी केली. भोंगा वाजला तेव्हा दुसरा अजून शर्टाची बटणं काढून वाट बघत होता. चुलतभाऊ ओरडला, "दत्ता, माझी मशिनं बंद ठिवून पोटं काय चोळत बसलास राव?" मी कपाळावर हात मारून घेतला.

परीक्षेच्या दिवशी मात्र गडी सुसाट सुटला. एकामागून एक टेबलं वेळेत. मी त्याच्या मागच्याच टेबलावर होते आणि मला खरोखर आशा वाटायला लागली होती. शेवटून दुसऱ्या टेबलावर वॉर्डातून आणलेली एक म्हातारी होती. सकाळपासून जो तो तिला उठवून बसवत होता, पाठीला स्टेथोस्कोप लावत होता आणि घंटा होताच तशीच सोडून पळत होता. दत्ताभाऊनंही तिला बसवलं, पाठ तपासली आणि घंटा वाजली.

म्हातारी एका हातावर तोल सावरत बसलेली, गाऊन पाठीवर उघडा. दत्ताभाऊनं गाऊनच्या नाड्या बांधल्या. उशी सरळ केली. मानेखाली हात घालून तिला सावकाश आडवं केलं. मी मागून दबक्या आवाजात "भाऊ, पळ!" म्हणत होते. तो पुढच्या टेबलाशी पोचला तेव्हा परीक्षकांचं शून्य लिहून झालं होतं. एक जरी टेबल गेलं तरी सगळी परीक्षा गेली, असा नियम.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर खेकसले. तो म्हणाला, "बसवली मी व्हती ना ताई. मग निजवायची कुणी?" मला रडायलाच आलं.

वडिलांचा फोन वाजत होता, तो उचलेना. चहालाही आला नाही. संध्याकाळी शोधत गेले तर वॉर्डात, त्या म्हातारीच्या खाटेपाशी उभा. तिनं त्याला ओळखलं नाही. आमच्यासारखे कितीतरी दिवसभर तिला हात लावून गेले होते. पांढरा कोट दिसताच ती निमूट उठून बसली आणि पाठीमागं हात नेऊन गाऊनची नाडी सोडायला लागली.

दत्ताभाऊनं घाईघाईनं तिचा हात धरला. "न्हाई आजी, तपासायचं न्हाई. नुसता बसू का जरा?"

म्हातारीनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं, मग पाय आखडून घेतले आणि खाटेवर त्याला जागा करून दिली.