बारवखेडी स्वच्छतागृह फत्ते जाहले त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष मास, हुरड्याचे दिवस. परगणे शिरूर अनंतपाळ, मौजे बारवखेड येथे पुरातन दगडी बारव. ती पाहावयास मुलूखमुलुखीची खलकत लोटे, आणि बारवेलगत घर एकच, ते सौभाग्यादिसंपन्न मातोश्री सुमनबाई यांचे, आणि त्या घरी संडास एकच, आणि येणाऱ्या हरएक परक्या बाईची स्वारी प्रथम त्यावरच चाल करून येई. चार वर्षे जाहली, बाईंस आपल्याच घरी आपला नंबर लागेना. जीव मेटाकुटीस आला. सबब बारवेपाशी सरकारी स्वच्छतागृह व्हावेच, ऐसा बाईंनी पण केला.

परंतु पर्यटनाचा कारभार काय वर्णावा! दिल्लीदरबारे योजना काढावी, मुंबईदरबारे हिस्सा घालावा, लातुरी जिल्हा नियोजनाने यादी करावी, आणि गावाने झाडू मारावा. अर्ज वर गेला की खाली येई, खाली आला की वर जाई, आणि मग पाचव्या खलित्यास जबाब आला की, वर्षास चारशे पर्यटक दाखवावे, तरच निधी.

सरपंच संगप्पा यांनी नोंदवही राखिलीच होती. मग राजश्री आदिनाथराव, पर्यटन महकम्याचे तपासनीस, सरकारी जीपवर आरूढ होऊन आले, आणि वही उघडली, आणि कपाळास हात लाविला. कारण या मुलखाची रीत ऐसी की, परका माणूस दिसला की आधी पुसावे, "कुणाकडचे पाव्हणे?", आणि कोणाचाच नसला तर कोणाचा तरी करून टाकावा. वर्षात असामी आल्या चारशे बारा, आणि चारशे बाराही पाहुणे! पुण्याचे जोडपे गावकरी सिद्धेश्वराच्या व्याह्यांकडील म्हणून दाखल; दोघे जर्मन गोरे "सुमनबाईकडचे, चहा घेतला" म्हणून दाखल.

तपासनीसांनी हुकूम फर्माविला की, पाहुणा तो पर्यटक नव्हे, सबब पर्यटक शून्य, निधीही शून्य. संगप्पांनी वही मिटली. परंतु रीत ती रीत; बाई म्हणाल्या, "जळो तुमचा निधी, पण सायेब उपाशी जायाचा न्हाई." मग हुरडा आला, आणि दही-धपाटे आले, आणि तांब्याभर ताक, आणि तीन घरचा चहा. नाही म्हणावयाची सोय नव्हती.

मग व्हावयाचे तेच जाहले. साहेबांच्या पोटी बंड उठले. स्वारी तातडीने बाईंच्या अंगणी दाखल, तो तेथे देगलूरहून गाडी करून आलेल्या अकरा बायांची रांग! बाई पदर खोचून दारी उभ्या.

"नंबरानं या, सायेब. ह्या अकराजणी पाव्हण्या हायत, तुमीच ठरिवलं. पाव्हण्यांचा मान आधी!"

साहेब घामाघूम जाहले, दरबारी बोली विसरले. "पर्यटक हायत! समद्या पर्यटक हायत!" ऐसा आक्रोश करून, वही भिंतीस लावून, चारशे बारा अधिक अकरा असामी पर्यटक मुक्रर केल्या आणि खाली दस्तखत केले. बायांनी हसत हसत वाट दिली.

पुढील वैशाखी स्वच्छतागृह उभे राहिले. संगप्पांनी नारळ फोडला, परकी फौज तिकडे वळली, आणि सुमनबाई आपल्या घरच्या संडासात गेल्या, कडी लाविली, आणि घटकाभर निवांत बसल्या. दारावर कोणीही थाप मारिली नाही.

ऐसी फत्ते जाहली. लिहिणाराने आत डोकावून पाहिले नाही. बाईंनी सांगितले ते लिहिले, खरे मानावे.