सुर्वेकाका आणि गल्लीतलं पाणी

सुर्वेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी नळाची विचारपूस करायचे, मग माणसांची.

लग्न होऊन मी सांगलीहून ग्वाल्हेरला आले त्याच आठवड्यातली गोष्ट. मी स्वयंपाकघरात तांदूळ धूत होते. एक उंच, काटक, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ मागच्या दाराने आत आले. त्यांनी नळ बंद केला, तांदळाचं पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतून घेतलं आणि ते परसातल्या कढीलिंबाला घालून आले. रिकामं पातेलं ओट्यावर ठेवत म्हणाले, “एका पाण्यात दोन कामं. नमस्कार, मी सुर्वे.”

मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं. त्या लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करताच त्यांनी सांगितलं, की हे समोरच्या घरातले सुर्वेकाका आहेत आणि आता ते जातील. ते गेलेही. जाताना न्हाणीघराचा नळ घट्ट पिळून गेले.

आम्ही राहतो शिंदे की छावनीत. समोरच्या घरात कढईत काय पडलं ते इकडे वासावरून कळावं, इतकी गल्ली अरुंद. उन्हाळ्यात इथे पाणी दिवसाआड, आणि आमच्या गल्लीची पाळी संध्याकाळची. पाणी आलं असं इथे कुणी म्हणत नाही. ‘नळ आले’ म्हणतात, पाहुणे आल्यासारखं. नळ आले की गप्पा, फोन, देवाची आरतीसुद्धा थांबते, आणि सगळं घर बादल्या घेऊन धावतं. कृष्णेकाठी वाढलेल्या मला याची सवय व्हायला बराच वेळ लागला. काका मला म्हणायचे, “सूनबाई, तुमच्याकडे नदी आहे. आमच्याकडे तिघरा आहे, आणि त्याची तब्येत नाजूक असते.”

तिघरा म्हणजे शहराला पाणी देणारा तलाव. काका सकाळी पेपर उघडून आधी त्याची पातळी वाचायचे, घरातल्या आजारी माणसाचा ताप बघावा तशी. पातळी उतरली असेल तर त्या दिवशी त्यांच्याशी कुणी थट्टा करायची नाही.

सुर्वे घराण्यातले जुने लोक फौजेतले. काका स्वतः इथल्या लष्कर नावाच्या भागातल्या एका शाळेत पी. टी. शिकवायचे. रिटायर झाले आणि दोनच वर्षांत कुसुमकाकू गेल्या. मुलगी पल्लवी पुण्यात. घरात काका एकटे. दर उन्हाळ्यात नगर निगमची पाण्याबद्दलची सूचना निघते: पाइप लावून गाडी धुवायची नाही, अंगण धुवायचं नाही, लाइनला पाणी खेचणारा टुल्लू पंप लावायचा नाही, टाकी भरून वाहू द्यायची नाही. बाकीचे लोक ती वाचून विसरतात. काकांनी ती पाठ केली. गल्लीतल्या मराठी घरांसाठी तिचं मराठी भाषांतर करून दारोदार चिकटवलं आणि शेवटी आपल्या पदरचं एक कलम घातलं: ‘भांडी घासताना गप्पा मारू नयेत.’ हे कलम निगमचंच आहे असं माझी एक जाऊबाई अजून मानते.

दुसऱ्यांना लावलेले नियम ते स्वतः दुपटीने पाळत. परातीत बसून आंघोळ करत आणि परातीतलं पाणी मोगऱ्याला घालत. आर. ओ. मशीनमधून फेकलं जाणारं पाणी त्यांना अख्ख्या गल्लीतून हवं असायचं. कॅन घेऊन दुधवाल्यासारखे दारोदार फिरत. कूलर मात्र त्यांनी घरातून काढूनच टाकला होता. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात कूलरशिवाय राहणं म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. भिंतीसुद्धा दुपारी हात लावू देत नाहीत. पण काकांचं म्हणणं, कूलर पाळणं हे हत्ती पाळण्यासारखं आहे, दिवसभर पाजत बसा. सासूबाई चिडायच्या. म्हणायच्या, अहो, माणूस जगला तर पाणी वाचवेल ना. काका मिशीत हसायचे आणि आमच्या न्हाणीघराकडे वळायचे.

त्यांचं सगळ्यात मोठं भांडण झालं भदौरियाशी. भदौरिया हा शेजारचा ठेकेदार, धिप्पाड गडी, आवाजाने खिडक्या हलाव्यात असा. त्याची पांढरी जीप म्हणजे त्याचा जीव. एकदा ऐन उन्हाळ्यात तो पाइप लावून जीप धुवायला लागला. काका घरातून खुर्ची घेऊन आले आणि जीपसमोर मांडून बसले.

“काका, हटोगे कि नहीं?”

“धो लो,” काका म्हणाले. “साथ में मुझे भी धो दो. एक पानी में दो काम.”

सगळी गल्ली दारात उभी राहून बघत होती. भदौरियाने पाइप गुंडाळला, पण त्या दिवसापासून दोघांचा अबोला. पुढे त्याच्या मुलीचं लग्न निघालं. रीत म्हणून काकांना आमंत्रण गेलं आणि रीत म्हणून काका गेले. जाऊन ते थेट पाण्याच्या काउंटरवर उभे राहिले आणि प्रत्येकाला अर्धा ग्लास पाणी देऊ लागले. आणखी लागलं तर पुन्हा या म्हणायचे. वरपक्षाकडच्या लोकांना वाटलं, मुलीचे कुणी थोरले काका स्वतः पाहुण्यांची सरबराई करताहेत. नवरदेवाचा मामा तर वाकून त्यांच्या पाया पडला. भदौरियाने ते पाहिलं. पण गैरसमज दूर करायला तो काही पुढे आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र वेगळंच घडलं.

आठवडाभर लू, म्हणजे इथला भाजून काढणारा वारा, चालली होती. दुपारी कुत्रीसुद्धा गल्लीत दिसत नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी नळ आले, आम्ही भराभर भरून घेतलं, आणि मी ओटा पुसत होते तोच बाहेर हसण्याचा गलका ऐकू आला. दारात जाऊन बघते तर गल्लीतून पाणी वाहत होतं. चांगला ओघळ, भदौरियाच्या पायरीपर्यंत पोचलेला. आणि ते येत होतं सुर्वेकाकांच्या दाराखालून.

लोकांना इतका आनंद झालेला मी होळीतसुद्धा पाहिला नाही. ज्यांच्या ज्यांच्या टाक्यांवरून काकांनी बोलणी ऐकवली होती, ते सगळे बाहेर आले होते. कुणीतरी मराठी सूचनेतलं टाकीचं कलम मोठ्याने म्हणून दाखवत होतं. भदौरिया मोबाइल काढून त्या ओघळाचा व्हिडिओ घेत होता, पुरावा म्हणून. मलाही हसू आवरेना.

सासूबाई पदराला हात पुसत माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. पाण्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “सुर्व्यांना काहीतरी झालंय. शुद्धीत असते तर एवढं वाहू दिलं असतं का त्यांनी?”

बोलल्या हळू, पण ऐकलं सगळ्यांनी. हसणं थांबलं. आम्ही दार वाजवलं, हाका मारल्या. आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता. कडी आतून होती. भदौरियाने मोबाइल खिशात घातला आणि खांद्याने दाराला धडक दिली. दुसऱ्या धडकेला कडी निखळली.

काका आतल्या चौकात, भरून वाहणाऱ्या टाकीपाशी कुशीवर पडले होते. नळ सोडायला म्हणून आले असणार आणि तिथेच कोसळले. अंग तव्यासारखं तापलेलं. हाक मारली की नुसते पुटपुटायचे. मी नळ बंद केला. भदौरियाने भरलेली बादली उचलली आणि त्यांच्या अंगावर ओतली, मग दुसरी, मग तिसरी. सासूबाईंनी चादर भिजवून त्यांच्याभोवती गुंडाळली. भदौरियाने त्यांना लहान पोरासारखं दोन्ही हातांवर घेतलं आणि जीपमध्ये निजवलं. मी त्यांचं डोकं मांडीवर धरून मागे बसले. महाराज बाड्यापाशी गर्दीत जीप अडकली तेव्हा भदौरिया हॉर्नवर हात ठेवून एकसारखा म्हणत होता, “काका, बस पहुँच गए. बस पहुँच गए.” आम्ही अजून अर्ध्यावरही नव्हतो.

डॉक्टरांनी लू लागल्याचं सांगितलं. शरीरात पाणीच उरलेलं नाही म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. मी आणि भदौरिया बाहेर बाकावर बसून राहिलो. त्याच्या चपला चिखलाने भरल्या होत्या आणि खांद्यावर दाराचा रंग लागला होता. बऱ्याच वेळाने नर्सने आत बोलावलं. काकांनी डोळे उघडले होते. ते सलाइनच्या बाटलीकडे एकटक बघत होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा क्षीण आवाजात नर्सला विचारत होते, “बोतल में जो बच जाता है, उसका क्या करते हो?”

भदौरिया हसायला लागला. इतका हसला, की त्याला बाहेर जाऊन तोंड धुवावं लागलं. परत आला तेव्हा डोळे लाल होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेज घेऊन गेले. काका उशीला टेकून बसले होते. दोन घोट घेतल्यावर म्हणाले, “कुठवर गेलं होतं पाणी?”

मी सांगितलं, भदौरियांच्या पायरीपर्यंत. ते फार ओशाळले. मी म्हटलं, काका, ते पाणी वाहिलं म्हणून तर आम्हाला कळलं. त्यांनी वाडग्यातली पेज शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. मग म्हणाले, “सूनबाई, कुसुम होती तोवर गल्लीतल्या सगळ्या घरांत माझं जाणंयेणं होतं. तिच्या मागोमाग जायचो. ती गेल्यावर एकट्या पुरुषाने भरदुपारी कुणाच्या घरी काय म्हणून जावं? लोक दारातच विचारतात, काय काम काढलंत. नळ बघायला आलो म्हटलं, की आत घेतात.”

मी पेजेचा वाडगा पुन्हा भरून त्यांच्या हातात दिला.

पल्लवी आली, रडली, रागावली आणि वडिलांना पुण्याला नेण्याचा हट्ट धरून बसली. काका म्हणाले, मी इथेच बरा. मग तिच्या समाधानासाठी घरात नवा कूलर आला. पुढे पाऊस लागला, तिघरा भरला, आणि रोज पाणी सुटायला लागलं. गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि काकांचं येणं थांबलं. रोज पाणी असताना तपासायला यायचं काय सांगून? घरी मी सगळ्यांना हॉस्पिटलमधलं बोलणं सांगितलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी दुपारी मागच्या दाराची कडी लावणं सोडलं.

एका रविवारी आम्ही पोहे खायला बसलो होतो. दारात सावली पडली. काका उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हात रिकामे. नजर कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी घसा खाकरून म्हणाले, “सहज आलो.”

सासूबाई सरकून बसल्या आणि मला म्हणाल्या, “आणखी एक ताटली घे गं.”